आयरिश कॉफी घरी कशी करायची: क्रीम तरंगण्यामागचं गणित आणि पूर्ण कृती

चांगल्या आयरिश कॉफीचा घोट घेतला की ओठांना आधी थंडगार क्रीम लागतं आणि त्याच्याखालून गरम, गोड, व्हिस्कीच्या वासाची कॉफी तोंडात उतरते. या पेयाची सगळी मजा या थंड-गरम भेटीत आहे. घरी ते बिघडतं तेही बहुतेक वेळा इथेच. क्रीम खाली जातं, कॉफीत मिसळतं आणि हातात उरते ती दुधाळ, कोमट, व्हिस्की घातलेली कॉफी. व्हिस्की कितीही भारी असली आणि कॉफी कितीही ताजी दळलेली असली, तरी हा दोष झाकला जात नाही. म्हणून या लेखात व्हिस्कीपेक्षा क्रीमला आणि तापमानाला जास्त जागा दिली आहे.

क्रीमची ही अडचण जुनीच आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला लिमरिक परगण्यात, शॅनन नदीच्या मुखाजवळ फॉइन्स नावाचं बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अटलांटिक ओलांडणारी, पाण्यावर उतरणारी प्रवासी विमानं तिथे थांबत. तिथल्या उपाहारगृहातले आचारी जो शेरिडन यांनी १९४० च्या दशकात, गारठून आलेल्या प्रवाशांसाठी ही कॉफी केली असं मानलं जातं. पुढे स्टँटन डेलाप्लेन या अमेरिकी पत्रकाराने ती शॅनन विमानतळावर चाखली. नोव्हेंबर १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्युएना व्हिस्टा कॅफेचे मालक जॅक केपलर आणि डेलाप्लेन ती हुबेहूब करायला बसले. चव जमली, पण क्रीम काही केल्या तरंगेना. शेवटी दुग्धव्यवसायातले जॉर्ज ख्रिस्तोफर (पुढे ते त्याच शहराचे महापौर झाले) यांच्या मदतीने मार्ग निघाला: क्रीम ४८ तास थंड ठेवायचं आणि मग अगदी बेताचं फेटायचं. घरच्या स्वयंपाकघरातही आजवर याहून वेगळं उत्तर नाही.

साहित्य, एका ग्लासासाठी

गरम काळी कॉफी: १२० मिली
आयरिश व्हिस्की: ४५ मिली (१५ मिलीचे ३ मोठे चमचे)
ब्राउन शुगर किंवा डेमेरारा साखर: २ सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण ८ ग्रॅम
किमान ३५ टक्के स्निग्धांशाचं बिनसाखरेचं क्रीम: ४० मिली, न फेटता मोजलेलं

हे प्रमाण २२० ते २४० मिलीच्या ग्लासासाठी आहे. ग्लास १८० मिलीचा असेल तर कॉफी ९०, व्हिस्की ३५ आणि क्रीम ३० मिली घ्या, साखर ६ ग्रॅम. उलट मोठा मग घेऊन त्यात नुसती कॉफी वाढवू नका; तसं केलं की व्हिस्की हरवते आणि क्रीमचा थर पातळ पसरतो.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीत ५० मिली व्हिस्की, १२० मिली कॉफी, ५० मिली क्रीम आणि किमान १ छोटा चमचा साखर असं प्रमाण आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तर १९८८ मध्ये आयरिश कॉफीसाठी स्वतंत्र मानकच प्रसिद्ध केलं. वरच्या प्रमाणात व्हिस्की थोडी कमी आणि साखर थोडी जास्त घेतली आहे, कारण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हाताला ते जास्त सोपं जातं. हात बसला की व्हिस्की ५० पर्यंत न्या आणि साखर ५ ग्रॅमपर्यंत खाली आणा.

क्रीम तरंगतं कशामुळे

दोन मिनिटं हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. न फेटलेलं थंड क्रीम जवळपास पाण्याइतकंच जड असतं. १ मिलीचं वजन जवळजवळ १ ग्रॅम. पाणी मात्र तापलं की हलकं होतं. ८० अंश सेल्सिअसला १ मिली पाण्याचं वजन सुमारे ०.९७ ग्रॅम भरतं. ४० टक्के अल्कोहोलची व्हिस्की त्याहून हलकी, सुमारे ०.९५. म्हणजे गरम कॉफी आणि व्हिस्की यांचं मिश्रण थंड क्रीमपेक्षा हलकं ठरतं. अशा मिश्रणावर पातळ क्रीम ओतलं तर ते खाली जाणारच, त्यात हाताचा दोष नाही.

हा फरक दोन गोष्टी उलटवतात. एक साखर: १६५ मिली पेयात ८ ग्रॅम साखर विरघळली की मिश्रण साधारण दोन टक्क्यांनी जड होतं. दुसरी हवा, आणि खरं काम तिचं. ४० मिली क्रीम फेटून ५० मिली झालं की त्याच्या १ मिलीचं वजन ०.८ ग्रॅमवर येतं. मग ते बुडायचा प्रश्नच उरत नाही.

यातून साखरेचं महत्त्व कळतं. गोड आवडत नाही म्हणून साखर पूर्ण काढून टाकली तरी नीट फेटलेलं क्रीम तरंगतं, पण फेटण्यात जराशी कसर राहिली तर ती सांभाळून घ्यायला खाली काही नसतं. शिवाय काळी कॉफी आणि व्हिस्की या दोन कडवट-तिखट चवींना जोडायला थोडा गोडवा लागतोच. बिनसाखरेची आयरिश कॉफी एकांगी लागते. कृत्रिम गोडी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: चिमूटभर गोळी-पावडरने चव गोड होते, पेय जड होत नाही. तेव्हा क्रीम थोडं अधिक फेटा.

क्रीम: निवडायचं कसं, फेटायचं कसं

डब्यावरचा स्निग्धांशाचा आकडा वाचा. २० ते २५ टक्क्यांचं क्रीम कितीही फेटलं तरी हवा धरत नाही. वर फेस येतो आणि बसतो. ३० टक्के ही तळरेषा आहे, ३५ ते ४० टक्के उत्तम. ४८ टक्क्यांचं घट्ट क्रीम मिळालं तर त्यात १ ते २ छोटे चमचे थंड दूध घालून सैल करा, नाहीतर चार फटक्यांत ते लोण्याच्या वाटेला लागतं. वनस्पती तेलापासून केलेलं, केकवर लावायचं गोड ‘व्हिपिंग क्रीम’ इथे नको. ते घट्ट उभं राहतं, पण ओठांवर वितळत नाही आणि आधीच गोड असल्यामुळे कॉफीच्या गोडव्याशी असलेला विरोधच पुसून टाकतं. दाबून फवारायच्या डब्यातलं क्रीमही नको. त्यात हवाच इतकी असते की गरम कॉफीवर ते बघता बघता बसतं आणि फेसाळ पाणी उरतं.

दीर्घकाळ टिकणारं, अतिउच्च तापमानाला तापवलेलं क्रीम चालतं, पण त्याला फेटायला जास्त वेळ लागतो. ते खोलीच्या तापमानाला ठेवलेलं असेल तर आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये टाका. दोन-तीन तासांत क्रीम हाताला गार लागतं, पण त्यातली स्निग्धता पूर्ण घट्ट व्हायला रात्रभर थंडी लागते. आणि फेटताना हवेचे बुडबुडे धरून ठेवतात ते हेच गोठलेले स्निग्धकण. क्रीम ४ ते ५ अंशांना असावं. १० अंशांच्या वर गेलं की कण मऊ पडतात, बुडबुडे फुटतात आणि फेटणारा ‘आज क्रीमच खराब निघालं’ म्हणून मोकळा होतो. भांडं आणि फेटणीही १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

क्रीममध्ये साखर किंवा व्हॅनिला घालू नका. वरचा थर फिका असला की खालची कॉफी आपोआप गोड लागते.

हाताने फेटताना तारेची फेटणी वापरा आणि भांडं थोडं तिरकं धरा, म्हणजे फेटणी क्रीममध्ये बुडलेली राहते. सुरुवातीला वर मोठे बुडबुडे दिसतात. ३० ते ४० सेकंदांत ते बारीक होत जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसू लागतो. मग फेटणीच्या तारांच्या रेघा उमटतात आणि लगेच भरून येतात. इथून डोळा काढायचा नाही. दर चार-पाच फटक्यांनी थांबून फेटणी उचला. क्रीमची जाड, सलग धार पडली, ती पृष्ठभागावर एक-दोन सेकंद उमटून राहिली आणि मग सपाट झाली, की थांबा. भांडं कलंडवलं तर क्रीम डब्यातल्या रंगासारखं संथ, पण न अडखळता वाहायला हवं. रेघा तशाच राहत असतील, टोकं उभी राहत असतील तर ते केकचं क्रीम झालं. आयरिश कॉफीचं नाही.

बरणीची युक्ती याहून सोपी आहे आणि दोन ग्लासांपुरत्या क्रीमसाठी आमच्या मते तीच चांगली. २५० ते ३०० मिलीची, घट्ट झाकणाची काचेची बरणी फ्रिजमध्ये थंड करा, त्यात ८० मिली क्रीम घाला आणि जोरात हलवा. आवाजाकडे कान ठेवा. आधी पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो. साधारण १५ ते २५ सेकंदांत तो दबका, जड होतो. त्या क्षणी थांबून झाकण उघडा आणि बघा. पातळ वाटलं तर आणखी तीन-चार झटके द्या. या बरणीतूनच थेट ओतता येतं, म्हणजे भांडंही कमी खराब होतं.

विजेवर चालणारा बीटर थोड्या क्रीमसाठी धोक्याचा. बेताचं क्रीम आणि घट्ट क्रीम यांच्यात त्याच्या हिशेबी चार-पाच सेकंदांचंच अंतर असतं. तोच वापरायचा असेल तर सगळ्यात मंद वेग ठेवा आणि शेवटचं फेटणं हाताने करा.

जास्त फेटलं गेलं तर टाकू नका. १ ते २ छोटे चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून चमच्याने हळूच वरखाली करा. पुन्हा ओतण्याजोगं होतं. पिवळसर कणी दिसू लागली असेल तर मात्र ते लोणी झालं, त्याला इलाज नाही. फेटलेलं क्रीम १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये राहतं. तेवढ्यात तळाला जरासं पाणी सुटतं, म्हणून ओतण्याआधी चमच्याने दोन वेढे द्या.

कॉफी

कडक हवी, पण जळकट नको. व्हिस्की, साखर आणि क्रीम यांच्यामागून कॉफीची चव वर यायची असेल तर नेहमीपेक्षा थोडी जास्त पूड घ्या: १ ग्रॅम पुडीला १३ ते १४ मिली पाणी. मध्यम किंवा मध्यमहून किंचित गडद भाजणीची कॉफी सर्वांत चांगली बसते. फार हलक्या भाजणीच्या कॉफीचा आंबटपणा क्रीमशी जुळत नाही, आणि काळीकुट्ट भाजलेली कॉफी व्हिस्कीच्या तिखटपणात भर घालते. चिकोरी मिसळलेली पूड टाळा. तिचा जाड कडवटपणा व्हिस्कीतल्या धान्याच्या नाजूक चवीवर बसतो.

फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात) दोन ग्लासांसाठी २२ ग्रॅम जाडसर दळलेली पूड आणि ९२ ते ९६ अंशांचं २९० मिली पाणी घ्या. ४ मिनिटांनी दाबा. पूड स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिऊन घेते, म्हणून २९० घातलं की हाती २४५ मिलीच्या आसपास येतं. कागदी गाळणीतून काढलेली कॉफी अधिक स्वच्छ लागते, तीही छान. मोका पॉटची, म्हणजे आचेवर ठेवून वाफेच्या दाबाने काढलेली, कॉफी फार दाट असते. ६० मिलीत ६० मिली गरम पाणी घालून १२० करा. एस्प्रेसो असेल तर दुहेरी, म्हणजे ४० मिलीच्या आसपास, आणि वर ८० मिली गरम पाणी. निव्वळ एस्प्रेसो घातली तर पेय लहान, कडू आणि लवकर थंड होणारं होतं.

झटपट कॉफीनेही काम भागतं: १२० मिली पाण्याला ३ ते ४ ग्रॅम, पाणी उकळून मिनिटभर निवलेलं. चव सपाट असते, पण क्रीम नीट तरंगलं असेल तर पेय प्यायला बरं लागतं. तासभर गरम तव्यावर ठेवलेली कॉफी मात्र कधीच नको. तिचा कडूपणा साखरेने जात नाही.

व्हिस्की

आयरिश व्हिस्की आयर्लंडच्या भूमीवर लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असतं. जेमसन, टुलामोर ड्यू यांसारख्या रोजच्या मिश्र व्हिस्की तीनदा ऊर्ध्वपातित केलेल्या, मऊ आणि हलक्या असतात. कॉफीसाठी हाच गुण लागतो. ब्युएना व्हिस्टात टुलामोर ड्यूच वापरतात. कॉफीतही व्हिस्की ठळक जाणवावी असं वाटत असेल तर पॉट स्टिलचा, म्हणजे तांब्याच्या हंड्यात गाळलेल्या बार्लीच्या व्हिस्कीचा, अंश जास्त असलेली, थोडी मसालेदार बाटली घ्या, पॉवर्स त्यातली. बारा-पंधरा वर्षं मुरलेली महाग बाटली यात घालणं म्हणजे पैसा वाया घालवणं, कारण तिचे सूक्ष्म गंध कॉफीच्या वाफेत सापडत नाहीत. पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरायच्या मातीच्या) धुराची व्हिस्की, मग ती आयरिश असो वा स्कॉच, कॉफीच्या भाजक्या वासात मिसळली की राखेसारखी लागते.

बाटली फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तर आधी बाहेर काढा. हवं तर मोजलेली व्हिस्की छोट्या भांड्यात घालून ते भांडं पाच मिनिटं गरम पाण्यात उभं ठेवा. थेट आचेवर कधीही तापवू नका. तिची वाफ पेट घेते.

ग्लास आणि तापमान

उष्णता सोसणारा, दांडा किंवा कान असलेला पारदर्शक ग्लास घ्या. पारदर्शक यासाठी की थर दिसला पाहिजे, आणि थर दिसला तरच चूक कुठे झाली ते कळतं. तोंड फार पसरट नको; साडेसहा सेंटीमीटर व्यासाच्या तोंडावर ५० मिली फेटलेलं क्रीम दीड सेंटीमीटरचा थर देतं, तेच साडेआठ सेंटीमीटरवर जेमतेम नऊ मिलीमीटर होतं.

ग्लास तापवणं ही सर्रास गाळली जाणारी पायरी आहे. ८५ अंशांची १२० मिली कॉफी आणि खोलीच्या तापमानाची ४५ मिली व्हिस्की मिळून साधारण ७० अंश होतात. ग्लास थंड आणि जाड काचेचा असेल तर तो आणखी आठ-नऊ अंश ओढून घेतो, आणि वर फ्रिजमधलं क्रीम आहेच. पहिल्या घोटालाच कोमट लागतं ते यामुळे. आधी ग्लासात नळाचं कोमट पाणी फिरवा, मग किटलीतलं गरम पाणी काठोकाठ भरून दोन मिनिटं ठेवा. थंड ग्लासात एकदम उकळतं पाणी ओतलं तर साधी काच तडकते.

सगळं एकत्र आणताना

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. आधी क्रीम फेटून फ्रिजमध्ये परत ठेवा. मग ग्लासात गरम पाणी भरा आणि कॉफी काढायला घ्या. कॉफी तयार झाली की ग्लासातलं पाणी ओतून द्या, पुसत बसू नका. तळाला साखर टाका, तिच्यावर निम्मी कॉफी ओता आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. चमच्याला तळाशी करकर लागता कामा नये. साखर व्हिस्कीच्या आधी विरघळवायची, कारण अल्कोहोलमध्ये ती नीट विरघळत नाही आणि व्हिस्की घातली की पेय निवतंही. आता उरलेली कॉफी घाला, मग व्हिस्की. एकदा ढवळा. काठापासून २ सेंटीमीटर जागा रिकामी असायला हवी.

इथे पाच-दहा सेकंद थांबा. ढवळल्यामुळे कॉफी अजून फिरत असते, आणि फिरत्या पृष्ठभागावर ओतलेलं क्रीम कडेने खाली ओढलं जातं. पृष्ठभाग स्थिर झाला की छोटा चमचा गरम पाण्यात बुडवून घ्या, उलटा करा आणि त्याचं टोक कॉफीला जेमतेम टेकवा. चोचीच्या भांड्यातून किंवा बरणीतून क्रीम चमच्याच्या पाठीवर सावकाश सोडा. पहिले दोन-तीन चमचे क्रीम सर्वांत नाजूक. एकदा पातळ पांढरा पडदा सगळीकडे पसरला की पुढचं क्रीम त्याच्यावरच बसतं आणि हात थोडा सैल सोडता येतो. थर चढेल तसा चमचा वर घ्या. दीड ते दोन सेंटीमीटर झालं की थांबा.

काळ्या आणि पांढऱ्याच्या मधली रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. सोबत चमचा किंवा नळी देऊ नका, ढवळूही नका, क्रीममधूनच प्यायचं. वर जायफळ, दालचिनी किंवा कोको भुरभुरायची पद्धत दिसते, पण मूळ कृतीत ती नाही, आणि त्या वासाखाली व्हिस्की दबते.

बिघडलं तर

क्रीम सरळ तळाला गेलं तर ते फेटलं गेलं नव्हतं किंवा उंचावरून पडलं. ते आधी तरंगलं आणि मग हळूहळू ढगाळ होत खाली उतरलं, तर हवा कमी पडली होती किंवा साखर. पुढच्या ग्लासाला फेटणीचे पाच-सहा फटके वाढवा. क्रीम वर गोळ्यासारखं बसलं, कडेपर्यंत पसरलंच नाही, तर जास्त फेटलं गेलं आहे. असं क्रीम पिताना नाकाला लागतं आणि कॉफी त्याच्याखालून येतच नाही.

क्रीमवर तेलाचे पिवळे ठिपके दिसले तर फेटताना कणी धरायला सुरुवात झाली होती, किंवा कॉफी फार गरम होती. घोट घेण्याआधीच अल्कोहोल नाकात झोंबत असेल तर तेही उकळत्या कॉफीमुळेच. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तेव्हा ९५ अंशांच्या कॉफीत व्हिस्की ओतली की तिची वाफ थेट चेहऱ्यावर येते. कॉफी मिनिटभर निवू द्या. ग्लासात ओतताना ८० ते ८५ अंश पुरेसे आहेत. क्रीम फाटल्यासारखं दिसलं तर बहुधा ते शिळं आहे. जास्त स्निग्धांशाच्या क्रीममध्ये प्रथिनं कमी असतात, त्यामुळे ताजं असेल तर ते सहसा फाटत नाही.

एकदम सहा जणांसाठी

६२ ग्रॅम पूड आणि ८५० मिली पाण्यातून सुमारे ७२० मिली कॉफी निघते. थर्मास आधी गरम पाण्याने तापवा, त्यात कॉफी आणि ४८ ग्रॅम साखर घालून विरघळवा. अर्धा तास तरी चव टिकते. साखरेऐवजी पाक वापरायचा असेल तर वजनाने समान साखर-पाण्याचा पाक करून ठेवा. त्याच्या १५ मिलीत साधारण ९ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका ग्लासाला एक मोठा चमचा. व्हिस्की थर्मासमध्ये घालू नका, प्रत्येक ग्लासात वेगळी मोजा. न घेणाऱ्यासाठी कॉफी वेगळी राहते आणि झाकण उघडताना वास उडत नाही. २४० मिली क्रीम एकाच वेळी न फेटता दोन खेपांत फेटा. ग्लास सगळे एका परातीत गरम पाण्याने भरून उभे ठेवा आणि दोन-दोन करत भरा. सहाही ग्लास कॉफीने भरून मग क्रीमला हात घातला तर शेवटचा ग्लास निवलेला असतो.

एका ग्लासात ४५ मिली व्हिस्की म्हणजे साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. कॅफिनमुळे झोप उडते, नशा कमी होत नाही. पिऊन गाडी चालवायची नाही हा नियम इथेही तसाच.

दुसरं मद्य, किंवा मद्याविना

हीच पद्धत गडद रम किंवा कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) घालूनही चालते. रम असेल तर साखर २ ग्रॅम कमी करा. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्डस्ट्रांडचं ‘फारिझेअर’ हे रम आणि फेटलेल्या क्रीमचं पेय याच कुळातलं. त्यात रम किती हवी यावर फ्लेन्सबुर्गच्या न्यायालयात खटला झाला आणि १९८१ मध्ये २० मिली अपुरी ठरली. ऱ्हाइनकाठच्या रूडेसहाइमची कॉफी १९५७ पासूनची. तिथे ब्रँडी साखरेच्या खड्यांवर ओतून पेटवतात. जाड, खास त्यासाठी केलेला कप नसेल तर घरी त्या वाटेला जाऊ नका.

मद्य नको असेल तर व्हिस्कीच्या जागी तेवढीच कॉफी वाढवा आणि संत्र्याच्या सालीचा एक पातळ तुकडा गरम कॉफीत मिनिटभर टाकून काढून घ्या. व्हिस्की नसल्यामुळे खालचं मिश्रण थोडं जड राहतं आणि क्रीम अधिक सहज तरंगतं, त्यामुळे पहिल्यांदा हात बसवायला हाच ग्लास बरा. यात साखर ५ ग्रॅमवर आणली तरी चालते.